टंच

नळी दहा वेळा उलटी करायची, सावकाश.
घुसळायची नाही.
आतलं औषध रक्ताला बोलता बोलता थांबवतं,
अकरा वाजून वीस मिनिटांनी
पेशी जे म्हणत होत्या ते अर्ध्या वाक्यात.
नाहीतर आरएनए टिकत नाही.
चिठ्ठी वाचून झाली की फाडायची,
ही अंगाची जुनी सवय.

त्या थंडीत सीपीआरच्या वॉर्डात मी
चोवीस जणांच्या नळ्या भरल्या.
सगळ्यांचा पहिला दिवस. ताप, खोकला, धाप.
विषाणू कुठला, ते नाकातली काडी सांगते.
ही नळी दुसरंच विचारते:
तो दारात आल्यावर
घरानं काय केलं?

बारा नंबरला हुसेनबी मुजावर.
ओठ निळसर, बोटावरच्या यंत्रात सत्त्याऐंशी.
शीर सापडेना. तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा म्हणाली,
"पोरी, रगात ऱ्हायलंय का बघ की आधी."

तेरा नंबरला दादगोंडा मगदूम, हुपरीचे.
हयात चांदीत गेलेली. शीर दोरीसारखी,
यंत्रात ब्याण्णव, मांडी घालून पेपर वाचत.
नळीकडं बघून म्हणाले, "हे टंच काढणंच की.
लगडीतनं कणभर घ्यायचं
आणि तेवढ्यावर अख्ख्या लगडीचं बोलायचं.
पण बाई, वरचं खरवडून घेऊ नये.
वर चांदी हसत असती. पोटातनं घ्यावं."
पोटातनंच घेतलंय, काका.
"मग आकडा सांगा आल्यावर."

त्या रात्री लाईट गेली.
उणे ऐंशीच्या फ्रीजरपुढं मी आणि वॉचमन रानगे,
जनरेटर धरेपर्यंत तांबडा आकडा बघत.
उणे एकोणऐंशी. उणे अठ्ठ्याहत्तर.
बाहेर भाऊसिंगजी रोडवर कुणाची तरी वरात,
बँडवाला एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होता.

हुसेनबी नवव्या दिवशी आपल्या पायानं घरी गेली,
जाताना माझ्या हातात चार पेढे आणि एक शिवी.
दादगोंडांची खाट
सहाव्या पहाटे रिकामी झाली.

पुण्याहून तक्ता आला तो आषाढात.
नावं नव्हती, क्रमांक होते.
क्रमांक मीच चिकटवलेले.
आडव्या ओळी जनुकांच्या, उभ्या ओळी माणसांच्या,
जे जास्त बोललं ते नारिंगी, जे गप्प ते निळं.

बाराव्या ओळीत इंटरफेरॉनवाली जनुकं भडक नारिंगी,
चोर शिरल्यावर अख्खी गल्ली
ताटं वाजवत बाहेर पडावी तशी.
तेराव्यात ती गल्ली झोपलेली.
त्याच्या खाली मात्र न्यूट्रोफिलची जनुकं पेटलेली,
चोराला शोधताना स्वतःचाच माळा जाळणारी,
आणि चोराचा चेहरा ओळखून दाखवणारी
एका बाजूला निळी, पार निळी.

पहिल्या दिवशी.
पेपर वाचत होते तेव्हा.

शिरगुप्पे मॅडम म्हणाल्या,
चोवीस माणसांवर काही ठरत नसतं, सुनंदा.
अजून दोनशे, मग हजार,
मग कधीतरी खाटेपाशीच तासाभरात कळेलही.
बरोबरच आहे ते.
चोवीस ही काय लगड आहे?
पण खालच्या रांगेत प्रत्येकाचा एक आकडा होता
आणि तेराचा सगळ्यात मोठा.
कुणाला सांगायचा?
त्यांचा मुलगा दाखल्यासाठी आला होता,
नखांत चांदीची काळी पूड.
मी शिक्का मारला. दाखला दिला.

आज पुन्हा नळ्या आल्यात, दोनशेचा खोका.
पहिलाच गडी शिरोलीच्या फाउंड्रीतला, एकोणतीसचा.
म्हणतो, "मला काय झालंय ओ, उगंच आणलंय,"
आणि हसतोय.
मी त्याच्या हसण्याकडं बघत नाही.
एक.
दोन.
सावकाश.